पेटीने न पाहिलेले पतंग

१४ जुलै

नव्या पेट्यांपैकी एकीचाही कॅमेरा सुरू झाला नाही. जुन्या नीट चालतात. पुण्याच्या कंपनीतल्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "समता, गावाकडे राहून काम करायचं तूच मागितलंस. मग हे गावाकडे राहूनच सोडव. कपाशीला फुलं लागायच्या आत."

पेटी म्हणजे कामगंध सापळ्यावर बसवलेला कॅमेरा. सापळ्यातल्या गोळीला मादीचा वास असतो. त्या वासाने गुलाबी बोंडअळीचे नर पतंग येतात आणि चिकट कागदावर अडकतात. पेटी संध्याकाळी जागी होते, रात्रभर फोटो काढते, पतंग मोजते आणि सकाळी त्या शेतकऱ्याच्या आणि माझ्या फोनवर आकडा पाठवते. फोटो जातील एवढी रेंज साखरखेर्ड्याच्या शिवारात नाही, म्हणून नुसता आकडा. बियाण्याच्या पाकिटावर बीटी लिहिलेलं असलं तरी ही अळी आता त्याला दाद देत नाही. पतंग वाढले तर फवारा मारायचा, नसतील तर मारायचा नाही, एवढं ठरवायला आकडा पुरतो.

नसतील तर मारायचा नाही, हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मागच्या साली फकीर मोहम्मद चाचा फवारा मारता मारता वावरात कोसळले. बुलढाण्याच्या दवाखान्यात होते. सायरा, त्यांची मुलगी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण, तेव्हापासून त्यांना फवारणीच्या पंपाला हात लावू देत नाही. यंदा दोघांनी मिळून ठरवलंय: पेटीने सांगितलं तरच फवारा.

म्हणजे ही पेटी चालायलाच पाहिजे. बाकी कुणासाठी नसली तरी त्या वावरासाठी.

१७ जुलै

दिवसभर एकाच ओळीपाशी अडकले आहे. ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा तो भाग जो कॅमेऱ्याशी बोलतो. सुरू होताना तो सिस्टीमला विचारतो, या कॅमेऱ्याचं घड्याळ कुठे आहे? वेळ सांगणारं घड्याळ नव्हे. कॅमेऱ्याच्या चिपला बाहेरून सतत सारख्या अंतराने ठोके लागतात, त्याशिवाय ती हलत नाही. जुन्या बोर्डावर या घड्याळाची नीट नोंद आहे. नव्या, स्वस्त बोर्डावर घड्याळ आहे, ठोकेही देतं, पण सिस्टीमकडे त्याची नोंद नाही. नुसता वेग एका आकड्यात लिहिलेला. ड्रायव्हर विचारतो, उत्तर येतं "नाही", आणि ड्रायव्हर हात झटकून मोकळा होतो.

आईला समजावून सांगायचा प्रयत्न केला. ती तुरीची डाळ निवडत होती. म्हणाली, "मंग त्याले सांग ना, बाबू, नाव नसलं लिवलेलं तरी मानूस घरात हाये म्हनून."

तिला कळलं की नाही, कोण जाणे. पण करायचं तेच आहे.

२१ जुलै

झालं! घड्याळ सापडलं नाही तर लिहिलेला वेग घ्यायचा आणि पुढे जायचं. जेमतेम सात-आठ ओळी. नव्या पेटीने पहिला फोटो काढला तो बाबांच्या पायाचा. बाबांनी तो फोनवर मागून घेतला आणि पानठेल्यावर दाखवून आले.

घरात मी पहिली पदवीधर. कॉलेजात असताना वाटायचं, शिकून काय करणार हे नेमकं सांगता यायला हवं. आज आलं असतं.

२४ जुलै

दुरुस्ती फक्त आमच्या पेट्यांपुरती ठेवायची नाही असं मी ठरवलं. ही सिस्टीम जगभरची माणसं मिळून लिहितात, दुरुस्ती सगळ्यांची व्हावी. सर म्हणाले, पाठव, कंपनीचंही नाव होईल. पद्धत जुन्या वळणाची आहे. दुरुस्ती साध्या ई-मेलमध्ये लिहायची, ती एका यादीवर जाते, शेकडो लोक वाचतात, ज्याला वाटेल तो चूक काढतो. खाली आपलं खरं नाव घालून हे माझं काम आहे असं लिहून द्यावं लागतं. माझा पहिला मेल यादीने परतच केला, त्यात रंगीत अक्षरं होती म्हणे. दुसरा गेला.

खाली माझं आणि बाबांचं नाव लिहिलं: समता इंद्रभान, साखरखेर्डा.

३० जुलै

यादीवरून उत्तर आलं. पोर्तुगालच्या एक बाई कॅमेऱ्याचे ड्रायव्हर तपासतात. शाबासकी नाही, नमस्कार नाही. एकच प्रश्न: "घड्याळ अजून तयार झालेलं नसेल, तर तुमचा कोड काय करेल?"

घड्याळ एक तर असतं नाही तर नसतं. मी नम्रपणे लिहिलं की मी जुन्या आणि नव्या दोन्ही पेट्यांवर तपासलं आहे, दोन्ही चालतात. या लोकांना बसल्या जागी शंका काढायला वेळ आहे. इकडे कपाशीला पात्या, म्हणजे कळ्या, लागल्या आहेत.

सर म्हणाले, यादीची वाट पाहू नकोस. सगळ्या पेट्यांवर, जुन्यांवरही, एकच नवी आवृत्ती टाक, म्हणजे सांभाळायला सोपं.

६ ऑगस्ट

सायराला सोबत घेऊन सगळ्या पेट्यांवर नवी आवृत्ती टाकली. नव्या पेट्या शेतकरी गटाचे अध्यक्ष जानराव यांच्या बाजूला, गावठाणाजवळ. जुन्या पेट्या नाल्यापलीकडे. चाचांची जुनीच.

जानराव बांधावर बसून गंमत पाहत होते. "काय वं समता, हा डबा आमाले पतंग दाखवीन, का पतंगायले आमचं वावर?"

"काका, आधी फोनमधला मेसेज वाचायला शिका, मग सांगते."

"वाचतो ना! मागच्या हप्त्यात रोज येत होता, कॅमेरा बंद, कॅमेरा बंद. आमच्या मंडळीनं इचारलं, कोनाचा बंद झाला मनून."

सगळे हसले. खरं म्हणजे तो 'कॅमेरा बंद'चा मेसेज मीच सरांना सांगून काढायला लावला. लोकांचा विश्वास उगाच ढळतो. आता फक्त आकडा येतो.

१९ ऑगस्ट

आकडे यायला लागले. जानरावांकडे तीन, मग चार, मग सहा. चाचांकडे शून्य. नाल्यापलीकडे जवळपास सगळीकडे शून्य. मी सरांना लिहिलं की नाला आडवा असल्याने पतंग तिकडे उशिरा पोचत असावेत. त्यांनी हे आपल्या सादरीकरणात घातलं.

सायरा घरी येऊन शेवयाची खीर देऊन गेली. "अब्बा सकाळी उठले का पयले फोन पायतात," ती म्हणाली. "शून्य दिसलं का चहा मागतात."

२५ ऑगस्ट

पोळा झाला. जानरावांच्या बाजूला आकडा आठाच्या वर गेला, सलग तीन रात्री; फवारा मारायची मर्यादा तीच. तिकडच्या सगळ्यांनी फवारा मारला. अंगभर कपडे, तोंडाला मास्क, वारा पाठीमागून, मी सांगितलं तसं. पेटीच्या सांगण्यावरून झालेला हा गावातला पहिला फवारा. जानराव चेष्टा करायचे थांबले.

चाचांकडे शून्यच. त्यांना भेटायला गेले. दिवेलागणीची वेळ, अंगणातला मोठा बल्ब त्यांनी काढून ठेवला होता. घरात बारीक उजेड, दारं लावलेली. विजेच्या बिलाची त्यांना फार काळजी. मी म्हटलं, चाचा, वावरात एक चक्कर मारू या का, पेटी पुसून घेते.

"नको बेटा, साप निंगून राह्यले तिकडं," ते म्हणाले. "पेटी चांगली हाये. शून्य येते ना रोज."

या वयात यंत्रावर एवढा भरवसा ठेवणारा माणूस गावात दुसरा नाही. जानराव रोज कापूस चाचपून पाहतात आणि मग आकडा वाचतात. चाचा आकडाच वाचतात. विज्ञानावरचा विश्वास म्हणतात तो हाच.

३ सप्टेंबर

पोर्तुगालच्या बाईंचा दुसरा मेल. या वेळी लांब.

त्यांनी लिहिलं होतं: सिस्टीम सुरू होताना सगळे भाग एकाच वेळी जागे होत नाहीत. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर कधी आधी उठतो, घड्याळाचा नंतर. अशा वेळी सिस्टीम "नाही" म्हणत नाही, "थोड्या वेळाने विचार" म्हणते. जुना कोड ते ऐकून थांबायचा आणि पुन्हा विचारायचा. तुमचा कोड दोन्ही उत्तरांना "नाही" समजतो आणि पुढे जातो. मग घड्याळ कुणी चालूच करणार नाही आणि कॅमेरा उठणार नाही. तुम्ही तपासणी करताना यंत्र पूर्ण बंद करून सुरू केलं होतं का?

उत्तर लिहायला बसले, की हो, केलं होतं. मग आठवलं, नव्हतं केलं. पूर्ण सुरू व्हायला वेळ लागतो, म्हणून मी चालू यंत्रात फक्त ड्रायव्हर काढायचे आणि पुन्हा घालायचे. तोवर घड्याळ केव्हाच जागं झालेलं असायचं; वावरातली पेटी मात्र रोज संध्याकाळी पूर्ण बंद असलेली सुरू होते.

टेबलावरची जुनी पेटी पूर्ण बंद केली. चालू केली. कॅमेरा उठला नाही. पुन्हा केली. नाही उठला. पुढच्या वेळी उठला. त्यानंतर नाही.

नव्या पेट्यांना काही धोका नव्हता, त्यांच्या घड्याळाची नोंदच नाही. जुन्या, ज्या आधी नीट चालत होत्या, त्या मी बिघडवल्या. आणि मोजणारा प्रोग्राम फोटोच नसेल तर शून्य लिहितो.

४ सप्टेंबर

सकाळीच चाचांच्या वावरात गेले. सायराला बांधावरून हाक मारली, ती आली. पेटी उघडून कार्ड लॅपटॉपला लावलं. सहा ऑगस्टनंतर मोजून दोन रात्रींचे फोटो. त्या दोन्ही रात्री ऑगस्टच्या सुरुवातीच्या, पतंग नसतानाच्या. बाकी काही नाही.

खालचा चिकट कागद पतंगांनी भरला होता. तो कोणीही वाकून पाहिला असता तर दिसला असता.

सायराने हिरवी बोंडं तोडायला सुरुवात केली. विळ्याने एकेक चिरून माझ्या हातात देत गेली. पहिलं चांगलं. दुसऱ्यात अळी. तिसऱ्यात सरकी पोखरलेली, अळी गुलाबी, जाड. चौथ्यात दोन. नंतर तिने देणं बंद केलं, नुसती चिरून खाली टाकत राहिली.

"मंजे शून्य नव्हतं," ती म्हणाली.

"पेटीने पाहिलंच नाही."

"मंग तिनं तसं सांगाव ना! शून्य काऊन सांगितलं?"

मी तिला घड्याळाचं सांगायला लागले. तिने ऐकून घेतलं नाही, बरं केलं.

सरांना फोन केला. म्हणाले, गटाला "तांत्रिक अडचण" एवढंच सांग, जास्त खोलात जाऊ नकोस, आपली पुढच्या तालुक्यात बोलणी चालू आहेत.

५ सप्टेंबर

सोसायटीच्या ओट्यावर गटाची बैठक बोलावली. चाचा मागे खांबाला टेकून बसले होते. मी उभी राहून सांगितलं की नाल्यापलीकडे जी शून्यं आली ती खोटी होती. पेटी बिघडली नव्हती, मी दुरुस्त केली म्हणून बंद पडली. आणि 'कॅमेरा बंद'चा मेसेज मीच काढायला लावला होता, नाही तर सगळ्यांना पहिल्याच दिवशी कळलं असतं.

मग नाल्यापलीकडचे शेषराव म्हणाले, "म्या तं फवारा मारला. मले तुह्या डब्याचा भरोसा नव्हता."

"मीबी मारला," आणखी एक जण.

"म्या दोनदा."

एकेक करून कळलं की तिकडच्या बाकी सगळ्यांनी आपापल्या अंदाजाने फवारा मारलाच होता. कोणी मला सांगितलं नव्हतं. न मारणारे चाचा एकटे.

जानराव म्हणाले, "चाचा, तुमाले वावरात काई दिसलं नाही काय हो?"

"मले पेटीचा भरोसा होता," चाचा म्हणाले आणि उठून गेले.

मला वाटलं ते मला बोल लावत आहेत. त्यांचा हक्कच आहे तो.

७ सप्टेंबर

चाचांनी पंप बाहेर काढला. सायराने तो हिसकून घेतला. दोघांचं भांडण गल्लीत ऐकू येत होतं. "आता पेटी नाही, कोनी नाही, म्या माराव का नाही?" "तुमी मराव का नाही ते सांगा आधी!"

बाबा तिथे होते. त्यांनी पंप घेतला, माझ्याकडून मास्क आणि हातमोजे मागितले. सकाळच्या वाऱ्यात त्यांनी चाचांचं अख्खं वावर फवारलं. चाचा बांधावर बसून होते. बाबा आडोशाला गेले की उठून उभे राहत, दिसले की खाली बसत.

घरी आल्यावर बाबांनी दोनदा साबणाने अंघोळ केली. आईने त्यांना दिवसभर नजरेखाली ठेवलं. मला कोणी काही म्हटलं नाही. जेवताना बाबा एवढंच म्हणाले, "अर्धं वाचीन."

१५ सप्टेंबर

पोर्तुगालच्या बाईंना लिहिलं की तुमचा प्रश्न बरोबर होता, मी उत्तर चुकीचं दिलं. दुसरी आवृत्ती तयार केली. आता उत्तर "नाही" आलं तरच लिहिलेला वेग घ्यायचा. "थोड्या वेळाने" आलं तर थांबायचं आणि पुन्हा विचारायचं. दुसरी कुठलीही चूक आली तर ती तशीच वर कळवायची, गिळायची नाही.

मोजणारा प्रोग्रामही बदलला. फोटो नसेल तर शून्य नाही, "पाहिलं नाही". सरांना हे आवडलं नाही. मी म्हटलं, मग माझं नाव या कामातून काढा. त्यांनी बदलही राहू दिला, नावही.

या वेळी तपासणी वावरातच. सायरा रोज दिवेलागणीला पेटी पूर्ण बंद करते, चालू करते, कॅमेऱ्याचा दिवा लागला का ते पाहून मला फोन करते. अजून एकदाही चुकलेली नाही. ना पेटी, ना सायरा.

चाचा रस्त्यात दिसले तर मान वळवून जातात.

२४ सप्टेंबर

यादीचा एक रिवाज आहे. चूक ज्याच्यामुळे उघडकीला आली त्याचं नाव दुरुस्तीच्या खाली घालतात. ज्याने तपासून पाहिलं त्याचंही. ते नाव मग सिस्टीमच्या इतिहासात कायम राहतं. तपासणारी म्हणून सायराचं नाव घातलं. चूक कळवणारा म्हणून चाचांचं घालावं असं माझ्या मनात आलं. नुकसान त्यांचं झालं, निदान नाव तरी राहावं. विचारल्याशिवाय घालायचं नसतं, म्हणून गेले.

ते खाटेवर बसून दोरी वळत होते. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी दोरी बाजूला ठेवली.

"नको लिवू."

"चाचा, जगभर जाईल ते. तुमच्या वावरामुळे कळलं म्हणून."

"म्या काय कळवलं? काई नाही कळवलं." ते माझ्याकडे बघत नव्हते. "पोळ्याच्या आधीच पतंग दिसले मले. दिव्यावर येत होते, पायलीभर. म्या बल्बच काढून टाकला. फुलंबी पाहली, तोंड मिटलेली, आत अळी असली का राह्यतात तशी. सप्पा समजलं होतं."

मी खाटेच्या कडेला बसले.

"फवाऱ्याचं भेव वाटते मले, बेटा. पंप पाठीवर घेतला का मागच्या सालचं आठवते, डोयापुढं अंधारी येते. पोरीले कसं सांगू? दुसऱ्याले कसं म्हनू का बाबा, तू मार माह्या वावरात? तुह्यी पेटी शून्य सांगे. म्या म्हटलं, चला, लिवलेलं हाये तं मानू."

आतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला होता. सायरा दाराआड उभी असावी.

"तुह्यी चूक होती," ते म्हणाले, "पन मले ती पाह्यजे होती."

मी घरी आले. त्यांचं नाव घातलं नाही. वर्णनात फक्त एवढं लिहिलं: कॅमेरा उठला नाही आणि यंत्राने शून्य कळवलं, त्यामुळे एका शेतात वेळेवर फवारणी झाली नाही. पंचवीस ऑगस्टचं पान काढून वाचलं. विज्ञानावरचा विश्वास म्हणून जे लिहिलं आहे ते खोडणार होते. राहू दिलं.

१० ऑक्टोबर

यादीवरून एक शब्द आला: "स्वीकारलं." त्याखाली दुरुस्तीच्या तळाशी दोन नावं. समता इंद्रभान. सायरा फकीर मोहम्मद. सायराला दाखवलं तर म्हणाली, "अब्बाचं नाव तं आलंच की शेवटी." आणि मग बराच वेळ हसली.

वेचणी चालू आहे. आई चाचांच्याच वावरात जाते. अळीने खाल्लेला कवडी कापूस वेगळा, चांगला वेगळा. बाबांचा अंदाज होता त्याहून थोडा कमी भरतो आहे.

दुपारी चाचा आमच्या दारात आले. आत आले नाहीत. म्हणाले, "पेटी काढू नको. दुसऱ्या बहारासाठी फरदड नाही ठेवत, पन पऱ्हाटी उपटेपर्यंत राहू दे. अन् एक कर. जो काई आकडा येईन, तू मले फोन करून इचारत जा, चाचा, बोंड फोडलं का?"

"आणि तुम्ही खोटं सांगितलं तर?"

"तं मनाव, सायराले दे फोन." आणि जाता जाता वळून म्हणाले, "पुढच्या सालचा फवारा इंद्रभाननं मारावा, म्या त्याच्या वावरात निंदन करतो. त्याले इचारून ठेव. मले इचाराले लाज वाटते."

बाबा आतच होते. तिथूनच म्हणाले, "हाव म्हनाव."

११ ऑक्टोबर

सकाळी चाचांच्या पेटीवरून पाच आले. मी फोन केला.

"फोडली," ते म्हणाले. "दहा. तिनात अळी."